खेळ, कायदा आणि आईबाप

हिमगौरीच्या गोष्टीतील दुष्ट राणीला अखेरीस कोणती शिक्षा झाली, हे पुष्कळ मुलांना ठाऊक नसते. मुलांसाठी छापलेल्या पुस्तकांतून तो भाग बहुधा गाळलेला असतो. जर्मनीतील ग्रिम बंधूंनी ही गोष्ट ज्या रूपात लिहून ठेवली, त्यात राणीच्या पायांत तापवून लाल केलेले लोखंडी जोडे चढविले जातात आणि मरून पडेपर्यंत तिला त्या जोड्यांनिशी नाचावे लागते. सिंड्रेलाच्या सावत्र बहिणींचे डोळे कबुतरे टोचून काढतात. हान्सेल आणि ग्रेटेल ही भावंडे आपल्याला कोंडून ठेवणाऱ्या चेटकिणीला भट्टीत ढकलतात आणि तिथेच तिचा शेवट होतो. या तिन्ही गोष्टींचा उल्लेख २७ जून २०११ रोजी एका अत्यंत गंभीर ठिकाणी झाला. ते ठिकाण म्हणजे अमेरिकेचे सर्वोच्च न्यायालय. न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांनी आपल्या निकालपत्रात या परीकथांचे दाखले दिले. आणि खटला होता व्हिडिओ गेमविषयीचा!

न्यायालयापुढील प्रश्न असा होता : ज्या खेळांत माणसांना ठार मारावयाचे किंवा घायाळ करावयाचे असते, असे खेळ अठरा वर्षांखालील मुलांना विकण्यास सरकारने बंदी करावी काय? की मुलांनी काय खेळावे हे ठरविण्याचा अधिकार, आणि त्या अधिकारामागून येणारी जबाबदारी, आईबापांवरच सोपवावी? खटला अमेरिकेतला खरा; पण ज्या घरात एक मूल आणि एक मोबाईल आहे, त्या प्रत्येक घरात तो प्रश्न आज येऊन बसला आहे.

वादाच्या मुळाशी असलेला कायदा कॅलिफोर्निया राज्याने २००५ साली केला. ज्या खेळात मनुष्याकृतीला ठार करणे, तिचे हातपाय तोडणे असे पर्याय खेळणाऱ्यापुढे ठेवलेले असतात, आणि ज्यात मुलांच्या दृष्टीने वाङ्मयीन, कलात्मक, राजकीय वा शास्त्रीय असे काही मोलही नसते, तो खेळ हिंसक समजावा. अशा खेळाच्या वेष्टनावर दोन इंच लांब व दोन इंच रुंद असा ‘१८’ हा आकडा ठळकपणे छापावा. आणि तो खेळ अठरा वर्षांखालील मुलाला विकणाऱ्या किंवा भाड्याने देणाऱ्या दुकानदाराला एक हजार डॉलरपर्यंत दंड करावा, अशी त्याची मुख्य कलमे होती. मात्र आईबाप, आजीआजोबा, काका, मामा, आत्या, मावशी किंवा कायद्याने नेमलेले पालक यांनी तोच खेळ मुलाच्या हाती ठेवला, तर कायद्याची काही हरकत नव्हती. (इंग्रजीत काका व मामा यांना एकच शब्द पुरतो, आत्या व मावशी यांनाही एकच; त्यामुळे तेथील कायदेपंडितांचे काम दोन शब्दांत भागले. मराठीत त्यासाठी चार शब्द खर्ची घालावे लागतात.)

या सवलतीकडे नीट लक्ष द्यावयास हवे, कारण साऱ्या वादाचे बीज तिच्यात आहे. दुकानदार ‘नाही’ म्हणाला आणि मामा ‘हो’ म्हणाला, तर कायद्याने मामाचेच चालू द्यावयाचे, असा त्याचा अर्थ होतो. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांनीही शेवटचा निर्णय घराकडेच ठेवला होता. दुकानाच्या दाराशी कायद्याला उभे राहता येते. घराचा उंबरठा ओलांडून आत येण्याचा धीर त्यालाही झाला नाही.

या कायद्यावर सही करणारे गव्हर्नर होते आर्नोल्ड श्वार्झनेगर. राजकारणात येण्यापूर्वी हे गृहस्थ चित्रपटांत कामे करीत, आणि त्यांच्या चित्रपटांत बंदुका व स्फोट यांना कधी तोटा नसे. या योगायोगाची त्या काळी बरीच चर्चा झाली. परंतु सही करणाऱ्याच्या पूर्वायुष्यावरून कायद्याचे बरेवाईट ठरत नाही. कायदा १ जानेवारी २००६ पासून अमलात यावयाचा होता. खेळ तयार करणाऱ्या व विकणाऱ्या व्यापाऱ्यांच्या संघटनांनी त्यापूर्वीच न्यायालयात धाव घेतली आणि डिसेंबर २००५ मध्ये त्यास स्थगिती मिळाली. खालच्या न्यायालयांतून वर चढत चढत तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नऊ न्यायाधीशांपैकी सात जणांनी कायद्याविरुद्ध मत दिले. अशा रीतीने ज्या कायद्यावर साडेपाच वर्षे वाद झाला, तो एक दिवसही अमलात आला नाही.

न्यायाधीशांचे म्हणणे समजून घेण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. कोणतीही नवी करमणूक आली, की तिने मुले बिघडतील अशी भीती वडीलधाऱ्यांना वाटते. ही भीती व्हिडिओ गेमपेक्षा कितीतरी जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत दहा सेंटला एक अशा स्वस्त साहसकथा निघू लागल्या. त्या वाचून पोरे दरोडेखोर होतील असे लोक म्हणू लागले. मग चित्रपट आला. चित्रपट हा निव्वळ धंदा आहे, ग्रंथांना मिळते तसले स्वातंत्र्य त्याला नाही, असे खुद्द सर्वोच्च न्यायालयानेच १९१५ साली ठरविले, आणि १९५२ साली ते मत त्याच न्यायालयाला बदलावे लागले. त्यानंतर पाळी आली चित्रकथांची. १९५४ साली फ्रेडरिक वेर्थॅम या मानसोपचारतज्ज्ञाने एक पुस्तक लिहून असे प्रतिपादन केले, की गुन्हेगारीच्या व भयाच्या चित्रकथा वाचून मुले वाममार्गाला लागतात. त्याच वर्षी अमेरिकन संसदेच्या एका उपसमितीने याची जाहीर चौकशी आरंभिली. घाबरलेल्या प्रकाशकांनी आपण होऊनच एक नियमावली केली आणि तिला उतरणाऱ्या पुस्तकांवर संमतीचा शिक्का मारण्यास सुरुवात केली. तो शिक्का पुढे पन्नासहून अधिक वर्षे चालला. गंमत अशी, की शेवटच्या प्रकाशकांनीही तो सोडून दिला तो २०११ सालीच. म्हणजे ज्या वर्षी व्हिडिओ गेमचा हा निकाल लागला त्याच वर्षी.

व्हिडिओ गेमविषयीची पहिली मोठी ओरड १९७६ सालची. ‘डेथ रेस’ नावाच्या खेळात मोटार चालवीत पडद्यावरच्या काही भुतांना चिरडावयाचे असे. चिरडलेले भूत किंचाळे आणि त्या जागी एक क्रूस उमटे. आजच्या मुलांना ते चित्र दाखविले, तर ही भुते आहेत की विस्कटलेल्या काड्या आहेत, हेही त्यांना चटकन उमगणार नाही. इतके ते ओबडधोबड होते. पण यंत्रांची शक्ती वाढत गेली तशी चित्रे हुबेहूब होत गेली. १९९२ साली आलेल्या ‘मॉर्टल कॉम्बॅट’ या खेळात खऱ्या नटांच्या छायाचित्रांवरून लढवय्ये तयार केले होते आणि रक्त सांडलेले स्पष्ट दिसत होते. १९९३ च्या डिसेंबरात संसदेत पुन्हा चौकशी झाली. सरकारने कायदा करण्याआधी आपणच काही केलेले बरे, या विचाराने १९९४ साली खेळांच्या कंपन्यांनी एक मंडळ नेमले. कोणता खेळ सर्वांसाठी, कोणता तेरा वर्षांवरील मुलांसाठी व कोणता सतरा वर्षांवरील व्यक्तींसाठी, हे ते मंडळ ठरवू लागले आणि ती खूण वेष्टनावर छापली जाऊ लागली.

हा सारा इतिहास न्यायमूर्ती स्कालिया यांनी समोर ठेवला आणि म्हटले, की परीकथांपासून चित्रकथांपर्यंत मुलांच्या वाचनात हिंसेला कधीच मज्जाव नव्हता. मग एकट्या व्हिडिओ गेमला वेगळा न्याय का? भारतातल्या मुलांनाही हा मुद्दा परका वाटू नये. खांबातून प्रकटलेल्या नरसिंहाने हिरण्यकशिपूचे काय केले आणि भीमाने बकासुराला कसे मारले, हे आजीच्या मांडीवर बसून ऐकणाऱ्या पिढ्यांमागून पिढ्या होऊन गेल्या. त्या मुलांनी मोठेपणी कुणाचे पोट फाडले नाही.

न्यायालयाने आणखी एक गोष्ट लक्षात घेतली. विचार मांडण्याचे आणि ते जाणून घेण्याचे स्वातंत्र्य अमेरिकेच्या राज्यघटनेने नागरिकांना दिले आहे, आणि त्यात मुलांचाही वाटा आहे. १९६५ साली व्हिएतनाममधील युद्धाचा निषेध म्हणून मेरी बेथ टिंकर ही तेरा वर्षांची मुलगी दंडाला काळी फीत बांधून शाळेत गेली. शाळेने तिला घरी पाठविले. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. मुलाला मत असू शकते आणि ते मांडण्याचा त्याला अधिकार आहे, हे तेव्हापासून मान्य झाले. खेळातूनही गोष्ट सांगितली जाते, पात्रे बोलतात, विचार मांडले जातात; तेव्हा पुस्तकाला जे संरक्षण ते खेळालाही, असे न्यायालयाने ठरविले. यावरून कुणी असा निष्कर्ष मात्र काढू नये, की मागेल तो खेळ बापाने विकत आणून दिलाच पाहिजे. घटनेने हात बांधले आहेत ते सरकारचे. आईबापांचे हात तिने मोकळेच ठेवले आहेत.

तथापि, भीती पूर्वी अनेकदा फोल ठरली एवढ्यावरून ती प्रत्येक वेळी फोलच ठरेल, असे म्हणता येत नाही. ‘लांडगा आला रे आला’ असे खोटेच ओरडणाऱ्या मुलाच्या गोष्टीत शेवटी लांडगा खरोखरच आला होता. न्यायमूर्ती सॅम्युएल अलिटो यांनी नेमका हाच सावधपणा दाखविला. कायद्याची शब्दरचना मोघम आहे म्हणून त्यांनी तो रद्द करण्याच्या बाजूने मत दिले खरे. पण हा खेळ पुस्तकासारखाच आहे, असे घाईने म्हणू नये, असे त्यांनी निराळे लिहून ठेवले. त्यांचे म्हणणे खोडून काढणे सोपे नाही. बकासुराची गोष्ट ऐकताना मारणारे हात भीमाचे असतात. खेळात बंदूक स्वतः मुलाच्या हातात असते, नेम त्याने धरावयाचा असतो, आणि जितके अधिक बळी तितके अधिक गुण त्याच्या नावावर चढतात. शिवाय गोष्ट रात्री संपते. खेळ संपतच नाही.

मग शास्त्र काय सांगते? असे खेळ खेळणारी मुले अधिक चिडखोर वागतात असे दाखविणारे काही अभ्यास कॅलिफोर्नियाच्या वकिलांनी सादर केले. न्यायालयाचे त्याने समाधान झाले नाही. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असे ठरत नाही. रस्त्यावर जेव्हा पुष्कळ छत्र्या उघडलेल्या दिसतात तेव्हा पाऊस पडत असतो, म्हणून छत्र्यांमुळे पाऊस येतो असे कुणी म्हणत नाही. चिडखोर मुलांनाच असे खेळ अधिक आवडत असतील, हीही शक्यता उरतेच. शिवाय जो परिणाम आढळला तो थोडा होता, आणि बग्ज बनी या सशाची व्यंगचित्रे पाहिल्यानेही तेवढाच परिणाम होतो, असे निकालपत्रात नमूद आहे. त्यानंतर २०२० साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने असे सांगितले, की ओरडणे, ढकलणे अशा आडदांडपणाशी या खेळांचा थोडा संबंध दिसतो; पण खऱ्या रक्तपाताचे खापर त्यांच्यावर फोडण्याइतका पुरावा नाही. घरात धाकट्या भावाला ढकलले जाते, त्याला कोणत्याही देशाचा कायदा अपराध मानीत नाही. आईला मात्र ती गोष्ट मुळीच क्षुल्लक वाटत नाही. कायद्याचे माप आणि आईचे माप निरनिराळे आहे, ते असे.

येथे प्रश्नाचे मर्म येते. आईबापांना मदत व्हावी म्हणून हा कायदा केला, असे कॅलिफोर्नियाचे म्हणणे होते. त्यावर स्कालिया यांचे उत्तर मोठे मार्मिक आहे. ज्या मुलांना हा खेळ विकत घेता येणार नाही, त्या सर्वांच्याच आईबापांना तसे वाटते असे नाही. काहींना त्यात वावगे काही दिसत नाही. तेव्हा हा कायदा आईबापांच्या इच्छेला हातभार लावीत नसून, आईबापांची इच्छा कशी असावी हेच सरकार ठरवीत आहे, असा त्यांच्या उत्तराचा भावार्थ आहे. हे उत्तर योग्य होते, असेच विचारांती म्हणावे लागते. एका घरात दहा वर्षांचे मूल भुताची गोष्ट ऐकून तीन रात्री दचकून उठते. शेजारच्या घरात त्याच वयाचे मूल तीच गोष्ट ऐकून हसते. कोणत्या मुलाला काय सोसेल, हे विधिमंडळाला दोन इंचांच्या आकड्यावरून कळत नाही. ते त्या मुलाला रोज जेवू घालणाऱ्याला कळते. आणि त्यालाही ते आपोआप कळत नाही. त्यासाठी मुलाकडे पाहावे लागते.

हे पाहणे हल्ली कमी झाले आहे, आणि दोष द्यावयाचा तर तो येथे द्यावा लागेल. मूल रडू लागले की मोबाईल, जेवेना की मोबाईल, पाहुणे आले की मोबाईल, अशी ज्या घराची रीत पडली, त्या घराने पुढे मुलाला खेळाचे वेड लागले म्हणून सरकारकडे बोट दाखवावे, हे शोभत नाही. आजीची गोष्ट आणि मोबाईलचा खेळ यांतील खरा फरक रक्ताच्या थेंबांत मोजावयाचा नाही. गोष्ट सांगताना आजी जवळ असते. मूल घाबरले की ती आवाज खाली आणते. ‘राक्षसाला पण आई होती का?’ असे त्याने विचारले, तर ती थांबून उत्तर देते. खेळ थांबत नाही आणि उत्तरही देत नाही. म्हणून जबाबदारी याचा अर्थ ‘हिसकावून घेणे’ असा समजणाऱ्या बापाचेही चुकते. हिसकावलेला खेळ मूल मित्राच्या घरी जाऊन खेळते. त्यापेक्षा अर्धा तास मुलाशेजारी बसून ‘हा खेळ कसा खेळतात ते मला शिकव’ असे म्हणणारा बाप अधिक शहाणा. त्या अर्ध्या तासात मूल गुरू होते, बाप शिष्य होतो. आणि कोणत्या क्षणी मुलाचे डोळे कसे होतात, हे वेष्टनावरच्या कोणत्याही खुणेपेक्षा अधिक स्पष्ट दिसते.

पण ज्या मुलाकडे पाहावयास कुणी मोकळेच नाही, त्याचे काय? न्यायमूर्ती स्टीफन ब्रेयर यांनी बहुमताविरुद्ध लिहिलेल्या मतपत्रात हाच प्रश्न विचारला. आईबाप कामावर असल्यामुळे नेहमी घरी एकटी राहणारी प्राथमिक शाळेच्या वयाची सुमारे ५३ लाख मुले त्या काळी अमेरिकेत होती, असे त्यांनी दाखवून दिले. अशा आईबापांना कायद्याने हात दिला तर बिघडले कोठे, असा त्यांचा सवाल होता. दोन पाळ्यांत राबणारी आई आळशी नसते; तिच्यापाशी वेळ नसतो. कायद्याच्या बाजूने जे जे बोलले गेले, त्यांत हा मुद्दा सर्वांत वजनदार आहे, आणि त्याचे पुरते उत्तर बहुमताच्या निकालात सापडत नाही. एवढेच म्हणता येते, की असे एकटे मूल दुकानदाराच्या नकाराने एका दाराशी थांबते आणि दुसऱ्या दारातून आत शिरते. त्याला हवा असतो तो एखादा शेजारी, शिक्षक किंवा मोठा भाऊ, जो त्याच्याकडे लक्ष देईल. असा माणूस कायद्याने नेमता येत नाही.

दुकानदार मात्र या सगळ्यातून मोकळा सुटत नाही, सुटूही नये. वेष्टनावरची खूण खरी असली पाहिजे आणि ती खूण विक्रेत्याने पाळली पाहिजे. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने याची परीक्षा एका युक्तीने घेतली. त्याने तेरा ते सोळा वर्षांची मुले गुपचूप ग्राहक म्हणून दुकानांत पाठविली आणि सतरा वर्षांवरील व्यक्तींसाठीचे खेळ मागावयास सांगितले. २००० साली शंभरांतील ८५ मुलांना तो खेळ बिनदिक्कत मिळाला. २००९ साली हे प्रमाण २० वर आले. मधल्या काळात दंडाचा कायदा लागू झालेला नव्हता. आयोगाचे अहवाल जाहीर होत होते आणि लोक दुकानदारांना जाब विचारीत होते. चार लोकांत लाज वाटणे हाही एक प्रकारचा दंडच असतो, आणि कधी कधी तो अधिक लवकर वसूल होतो.

सगळ्याच देशांनी अमेरिकेची वाट धरली नाही. जर्मनीत आणि ब्रिटनमध्ये वयाची खूण डावलून मुलाला खेळ विकणे हा कायद्याने गुन्हा ठरविला गेला. दक्षिण कोरियाने त्याहून पुढे जाऊन २०११ साली असा नियम केला, की सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत संगणकावरचे जालीय खेळ खेळता येणार नाहीत. लोकांनी या नियमाला सिंड्रेलाचे नाव दिले, कारण तिलाही बाराच्या ठोक्याला घरी परतावे लागे. (बिचारी सिंड्रेला अमेरिकेत कायद्याविरुद्ध साक्षीला आली आणि कोरियात कायद्याच्या बाजूने उभी राहिली!) पुष्कळ मुले घरातल्या मोठ्यांचे ओळखक्रमांक वापरून खेळू लागली, पुढे खेळच संगणकावरून मोबाईलवर गेले. २०२१ साली कोरियाच्या सरकारने तो नियम मागे घेण्याचे ठरविले आणि वेळेचा निर्णय मुले व त्यांचे पालक यांच्याकडे परत दिला. त्याच वर्षी चीनने उलट दिशा धरली आणि अठरा वर्षांखालील मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार व सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढा एकच तास जालीय खेळांसाठी ठरवून दिला.

भारतात हा वाद पेटला तो ‘पबजी’ या खेळामुळे. २०१९ साली गुजरातेत राजकोटच्या पोलिसांनी त्यावर बंदीचा हुकूम काढला आणि मोबाईलवर तो खेळताना सापडलेल्या तरुणांना चक्क अटक केली. जे काम आईच्या एका हाकेचे, त्यासाठी पोलीस धावले! त्याच वर्षी मुंबईत अकरा वर्षांच्या एका मुलाने आपल्या आईमार्फत उच्च न्यायालयात अर्ज केला आणि या खेळावर बंदी घालावी अशी मागणी केली. या वयाच्या मुलाला मोठ्यांच्या न्यायालयाचे दार ठोठवावेसे वाटले, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पुढे २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजीसह ११८ अ‍ॅपांवर बंदी घातली. पुष्कळ पालकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. परंतु ती बंदी देशाच्या सुरक्षिततेच्या व सार्वभौमत्वाच्या कारणासाठी होती. मुलांच्या मनावर काय परिणाम होतो, याचा विचार तिच्या मुळाशी नव्हता.

खेळ फार काळ दूर राहिला नाही. २०२१ साली तो नाव बदलून भारतात परत आला, आणि या वेळी त्याच्या कंपनीने आपल्या नियमांत पालकांना स्थान दिले होते. अठरा वर्षांखालील मुलाने आईचा किंवा वडिलांचा मोबाईल क्रमांक द्यावयाचा. त्या क्रमांकावर एक सांकेतिक आकडा येणार. पालकांनी तो पाहून संमती दिली तरच खेळ सुरू होणार. आणि दिवसाकाठी तीन तासांहून अधिक वेळ खेळता येणार नाही, अशी ती व्यवस्था होती. कॅलिफोर्नियाच्या कायद्याला जो उंबरठा ओलांडता आला नाही, त्याच्या आत ही व्यवस्था थेट शिरली होती आणि निर्णय आईच्या हाती देत होती. फक्त एकच अडचण होती. तो सांकेतिक आकडा ज्या मोबाईलवर यावयाचा, तो आईचा मोबाईल त्या वेळी बहुधा मुलाच्याच हातात असे.